निळी सुरमादाणी वापराच्या कसोटीवर: प्राचीन इजिप्तमधील फायन्सच्या प्रसाधनपात्रांचे परीक्षण

प्राचीन इजिप्तमधील झिलईदार प्रसाधनपात्रांचे कौतुक होते ते मुख्यतः त्यांच्या निळ्या रंगासाठी. संग्रहालयात काचेआड ठेवलेली एखादी पिरोजी सुरमादाणी पाहताना नजर आधी रंगावर जाते आणि बहुतेकदा तिथेच रेंगाळते, हे स्वाभाविकच आहे. पण ही पात्रे कोणाच्या तरी रोजच्या हाताळणीतली होती, आणि ती घडवणाऱ्या कारागिराला तोंड किती रुंद ठेवायचे, आतली पोकळी किती खोल घ्यायची, झाकण कसे बसवायचे आणि काडी कुठे ठेवायची, हे प्रश्न आधी सोडवावे लागले होते. म्हणून या लेखात मी त्यांचे परीक्षण वापराची वस्तू म्हणून करणार आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. फायन्स म्हणजे गारगोटीच्या पुडीपासून केलेले झिलईदार साहित्य; सुरम्यासाठी केलेली फायन्सची नळी ही इजिप्शियन कारागिरीतील अत्यंत विचारपूर्वक केलेल्या वस्तूंपैकी एक आहे. तेल आणि मलमासाठी केलेली फायन्सची बरणी मात्र, ती कितीही देखणी असली तरी, दगडी बरणीची बरोबरी करू शकत नाही.

पात्राची पारख करायची तर त्यात काय ठेवले जात होते ते आधी पाहिले पाहिजे. इजिप्तमध्ये स्त्रिया आणि पुरुष दोघेही डोळ्यांना रंग लावत. सुरुवातीच्या काळात मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाची पूड अधिक वापरात होती आणि पुढे गॅलिना या शिशाच्या काळ्या खनिजाची पूड प्रचारात आली. मॅलाकाइट सिनाईच्या परिसरातून येई, तर गॅलिनाची एक महत्त्वाची खाण तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर गेबेल एल-झेत येथे होती. ही खनिजे दगडी पाटीवर घासून अगदी बारीक केली जात आणि काडीच्या ओल्या टोकाने उचलून पापणीच्या कडेला लावली जात. लूव्र संग्रहालयातील पात्रांत उरलेल्या सुरम्याचे रासायनिक विश्लेषण फ्रेंच संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात लॉरिओनाइट आणि फॉसजेनाइट ही शिशाची पांढरी संयुगेही सापडली. ती निसर्गात इतकी दुर्मीळ आहेत की ती मुद्दाम तयार केली असावीत असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिशाची भस्मे मीठ आणि सोडाखाराच्या पाण्यात घालून ते पाणी पुन्हा पुन्हा बदलत राहावे लागे, आणि हे काम आठवडेच्या आठवडे चाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अशा संयुगांच्या अत्यल्प मात्रेमुळे त्वचेच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते आणि त्यामुळे रोगप्रतिकाराला चालना मिळू शकते, असे दिसून आले. नदीचा पूर, धूळ, माश्या आणि डोळे दिपवणारे ऊन अशा परिस्थितीत सुरमा हा शृंगाराइतकाच औषधाचाही भाग होता, हे एबर्स पपायरस या इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या वैद्यकीय ग्रंथातील नेत्ररोगांवरील उपायांवरूनही स्पष्ट होते. अर्थात शिसे शरीराला घातक आहे आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. तेव्हा या परीक्षणातली शिफारस पात्रापुरती आहे, त्यातल्या पुडीची नाही.

म्हणजे पात्रात ठेवायची वस्तू कशी होती? ती अतिशय बारीक होती, जड होती, लांबून आणलेली किंवा मेहनतीने तयार केलेली असल्यामुळे मौल्यवान होती, आणि एका वेळी तिचा अगदी कणभर भाग लागत असे. सुरुवातीच्या काळात ती कातडी किंवा तागाच्या कापडाच्या लहान पिशव्यांतही ठेवलेली सापडते, पण पिशवीतून पूड सांडते आणि काडी पिशवीत नीट बुडवता येत नाही. रुंद तोंडाच्या वाटीत ठेवली तर धूळ पडते, वारा लागतो, आणि काडीवर किती पूड येईल यावर नियंत्रण राहत नाही. या सगळ्याला सर्वांत सोपे उत्तर नदीकाठी उगवतच होते. बोरूचा एक तुकडा घेऊन त्याचे खालचे टोक बंद ठेवले की सुरमादाणी तयार. अशा साध्या बोरूच्या नळ्या प्रत्यक्ष वापरात होत्या, आणि नव्या साम्राज्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. सोळाव्या शतकापासून पुढे, लाकूड, हस्तिदंत, फायन्स आणि काच या सर्व साहित्यांत केलेल्या नळ्या याच आकाराचे अनुकरण करतात. ज्या आकाराने काम चोख होते तो आकार महाग साहित्यातही तसाच ठेवायचा, नक्षीच्या मोहाने बिघडवायचा नाही, हा संयम मला या कारागिरांच्या ठायी फार मोलाचा वाटतो.

आता साहित्याकडे वळू, कारण या पात्रांची गुणवत्ता आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही तिथूनच येतात. फायन्सला पुष्कळदा मातीची भांडी म्हटले जाते, पण त्यात माती जवळजवळ नसतेच. गारगोटी किंवा वाळू कुटून केलेली पूड हा त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग असतो. त्यात थोडा चुना, सोडाखार किंवा वनस्पतींची राख आणि रंगासाठी तांब्याचे संयुग मिसळलेले असते. हा लगदा हाताळायला अतिशय हट्टी आहे. दाबला की तो एकदम सैल होऊन वाहू लागतो आणि सोडला की ताठ होऊन कडांना तडकतो, त्यामुळे कुंभाराच्या मातीसारखा तो चाकावर मुकाट्याने वर चढत नाही. म्हणून बहुतेक वस्तू साच्यात दाबून, हाताने घडवून किंवा एखाद्या गाभ्याभोवती थापून केल्या जात. नळीच्या बाबतीत सळईसारखा सरळ गाभा पुरेसा होतो, आणि हा आकार या हट्टी लगद्याला मानवतो. त्याला ना पातळ पोट फुगवायचे असते, ना मान आवळून घ्यायची असते.

झिलई चढवण्याच्या तीन रीती ज्ञात आहेत. पहिल्या रीतीत लगद्यातच क्षार मिसळलेले असतात. वस्तू वाळताना पाण्याबरोबर ते पृष्ठभागावर येतात, तिथे त्यांची पांढरी पापुद्र्यासारखी साय जमते, आणि भट्टीत साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला तीच वितळून काच बनते. दुसऱ्या रीतीत वाळलेली वस्तू झिलईच्या कोरड्या पुडीत पुरून भाजतात आणि नंतर त्या ठिसूळ पुडीतून फोडून बाहेर काढतात. इराणमधील कोम येथे निळे मणी करणाऱ्या कारागिरांत ही रीत विसाव्या शतकातही चालू होती. तिसऱ्या रीतीत झिलईचे पातळ मिश्रण बाहेरून लावतात. तयार पात्र बारकाईने पाहिले तर कोणती रीत वापरली असावी याचा अंदाज काही वेळा करता येतो, आणि मला या पात्रांकडे पाहण्यातला हा सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. क्षार वाऱ्याच्या दिशेने बाहेर येतात, म्हणून पहिल्या रीतीच्या वस्तूत जिथे हवा अधिक लागली त्या कडांवर आणि उंचवट्यांवर झिलई दाट दिसते, आणि वस्तू जिथे टेकलेली होती त्या तळाशी ती विरळ असते किंवा नसतेच. बाहेरून लावलेल्या झिलईचे ओघळ कधी कधी खाली थिजलेले दिसतात, तर भट्टीत वस्तू ज्या लहान टेकूंवर उभी केली होती त्यांचे डागही तळाला राहून जातात.

यातूनच नळीच्या आतल्या बाजूचा प्रश्न उभा राहतो. अरुंद पोकळीत हवा खेळत नाही, म्हणून तिथे क्षार कमी येतात आणि झिलई पातळ राहते. झिलईखालचा गारगोटीचा गाभा सच्छिद्र असतो. कोरड्या किंवा जेमतेम ओलसर पुडीला त्याने काहीच फरक पडत नाही. उलट आतली बाजू थोडी खरखरीत असेल तर काडीच्या टोकाला लागलेली जादा पूड तिथे झटकली जाते. परंतु पातळ तेलासाठी तेच पात्र वापरले तर तेल हळूहळू गाभ्यात मुरणार. सुरम्याची नळी यशस्वी का आणि तेलाची बरणी कमी यशस्वी का, याचे उत्तर माझ्या मते मुख्यतः या एका गोष्टीत आहे.

या प्रकारातील सर्वांत उत्तम नमुने तिसऱ्या आमेनहोटेपच्या काळातले, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत. थीब्ज या प्राचीन नगरीजवळ, नाईलच्या पश्चिम तीरावर मल्काता येथे या राजाचा विस्तीर्ण राजवाडा होता आणि तिथे फायन्सचे कामही चाले. राजा आणि त्याची पट्टराणी तिये यांची नावे असलेल्या सुरमादाण्या आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. आकाराने त्या वीतभरापेक्षा आखूड, सरळ, गोल आणि हाताच्या मुठीत सहज मावतील अशा. अंगावर उभी चौकट आणि तिच्यात गडद रंगातली चित्रलिपी, एवढीच सजावट. उत्तम प्रतीच्या कामात अक्षरे वरून रंगवलेली नसतात: ओल्या किंवा वाळलेल्या लगद्यात ती कोरून, त्या खाचांत दुसऱ्या रंगाचा लगदा भरून, मग सगळे एकत्र भाजले जाते. दोन रंगांचे लगदे वाळताना आणि भाजताना एकाच प्रमाणात वागले नाहीत तर सांध्यात भेग पडणार, हे लक्षात घेतले म्हणजे काही मिलिमीटर रुंदीच्या त्या निळ्या अक्षराची कड स्वच्छ राहिलेली पाहून मन भरून येते. बोटांच्या रोजच्या घासण्याने रंगवलेले अक्षर झिजू शकते. भरलेले अक्षर झिजत नाही. शोभेसाठी निवडलेली रीत इथे टिकाऊपणाही देते, आणि म्हणूनच या नळ्यांना मी या संपूर्ण वर्गात पहिला क्रमांक देतो.

नळी येण्यापूर्वीच्या मध्य साम्राज्यात सुरम्यासाठी वेगळा आकार रूढ होता. बुटके, खांद्यापाशी रुंद आणि तळाकडे निमुळते होणारे लहानसे भांडे, त्याला चपटी रुंद कड आणि वर तबकडीसारखे झाकण. हे आकार मुख्यतः अलाबास्टर, अनहायड्राइट, ऑब्सिडियन अशा दगडांत घडवले गेले, आणि फायन्समध्येही. त्यांची बैठक नळीपेक्षा स्थिर आहे, धक्का लागला तरी ती सहज कलंडत नाहीत. रुंद कडेवर काडीचे टोक टेकवून पूड सारखी करता येत असेल, असेही मला वाटते. दगडी भांड्यांत बाहेरून पोट फुगीर दिसले तरी आत भोकयंत्राने कोरलेली पोकळी अरुंदच ठेवलेली आढळते, म्हणजे अरुंद विहिरीचे महत्त्व तेव्हाही उमगलेले होते. फायन्सच्या बाबतीत मात्र ही चपटी कड हा कच्चा दुवा आहे. पातळ, बाहेर आलेली आणि ठिसूळ अशी ती कड प्रथम टवका उडण्यासाठीच जणू पुढे काढलेली असते. नळीच्या आकाराने हा दोष नाहीसा केला, पण त्याच्या बदल्यात स्थिरपणा गमावला.

झाकण आणि काडी यांविषयी थोडक्यातच लिहिता येते, कारण ती बहुधा पात्रापासून दुरावलेली आहेत. काड्या लाकूड, हेमटाइट, काच, कांसे अशा साहित्यांत केलेल्या मिळतात. त्यांचे लावण्याचे टोक गोलसर आणि किंचित फुगीर असते, जेणेकरून डोळ्याला इजा होऊ नये. लाकडी सुरमादाण्यांत काडीसाठी वेगळी खाच आणि बाजूला सरकवता येईल असे झाकण करता येते. फायन्समध्ये असे हलणारे भाग करणे कठीण, म्हणून तिथे बूच किंवा सैल झाकण यावर भागवावे लागते. प्रवासात सोबत न्यायची असेल तर मी लाकडी सुरमादाणीच अधिक सोयीची मानेन.

अनेक नळ्या एकत्र असलेल्या सुरमादाण्या हा यापुढचा टप्पा. दोन, चार किंवा पाच नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि काहींवर कोणत्या नळीत काय आहे याची नोंद. निरनिराळ्या ऋतूंसाठी किंवा डोळ्यांच्या निरनिराळ्या तक्रारींसाठी निरनिराळा सुरमा ठेवण्याची ही सोय होती. औषध आणि शृंगार एकाच वस्तूत, शिवाय नावानिशी वेगळे ठेवलेले, ही कल्पना मला अत्यंत व्यवहारी वाटते. शेजारच्या नळ्यांमुळे पात्राची बैठकही रुंद होते आणि एकेरी नळीचा कलंडण्याचा दोष आपोआप जातो.

मलम आणि सुगंधी तेलांच्या बरण्यांच्या बाबतीत माझे मत वेगळे होते. इथे दगडाची परंपरा फार जुनी आणि फार भक्कम आहे. चौथ्या आमेनेमहातच्या काळातील, इ.स.पू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, केमेनी नावाच्या राजसेवकाचा प्रसाधनपेटारा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. देवदाराच्या त्या पेटीत आरसा आणि अलाबास्टरच्या चार बरण्या नीट बसवलेल्या आहेत. अलाबास्टरची बरणी जड असते, तिची भिंत जाड ठेवता येते, तोंड गुळगुळीत घासून त्यावर झाकण कापडाने बांधून पक्के करता येते आणि आतल्या बाजूला वेगळ्या झिलईची गरज नसते. फायन्सची बरणी हे सगळे करू पाहते, पण झिलईला एक बारीक तडा गेला की तिच्यातली चरबी गाभ्यात शिरण्याची वाट मोकळी होते. लूव्रमध्ये तिसऱ्या आमेनहोटेप आणि तियेच्या नावांची झाकणासह असलेली जी फायन्सची बरणी आहे, ती घडणीच्या सफाईत कोणाला हार जाणार नाही. परंतु राजघराण्यातल्या वस्तूचे काम दर्शनानेही होत असते. रोज बोट बुडवून मलम घेणाऱ्या सामान्य माणसाला मी दगडी बरणीच सुचवली असती.

तेलाच्या पात्रांतला एक अपवाद मात्र मनापासून नोंदवावासा वाटतो. सव्विसाव्या राजवंशाच्या काळात, इ.स.पू. ६६४ ते ५२५ या कालखंडात, फिकट हिरवट-निळ्या फायन्सच्या चपट्या गोल कुप्या नववर्षाच्या भेटी म्हणून केल्या गेल्या. त्यांच्या खांद्यावर नव्या वर्षासाठी देवांकडे मागितलेले शुभचिंतन कोरलेले असते, गळा पपायरसच्या फुलोऱ्यासारखा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बबून जातीचे माकड बसलेले असते. त्यांत सुगंधी तेल किंवा नाईलचे पाणी भरले जात असावे असे मानले जाते. हे बबून केवळ शोभेचे नाहीत. ते गळा आणि खांदा यांना जोडतात, म्हणजे फायन्सच्या कुपीत जो भाग सर्वांत आधी मोडायचा त्यालाच त्यांचा आधार मिळतो, आणि दोरी ओवायलाही जागा राहते. शिवाय ही कुपी सणापुरती भरायची. वर्षानुवर्षे तेल साठवण्याची अपेक्षा तिच्याकडून नव्हती. साहित्याची मर्यादा ओळखून वस्तूचा उपयोगच तेवढा ठरवणे, हे मला मोठे शहाणपण वाटते.

प्राणी आणि देवतांच्या आकारातील पात्रांवर लोकांचा विशेष लोभ असतो. नळी कवटाळून उभे असलेले माकड, किंवा घराचे आणि बाळंतिणीचे रक्षण करणारा बुटका, जीभ बाहेर काढलेला देव बेस, ही सुरमादाण्यांवरील आवडती रूपे. बेसच्या बाबतीत रूप आणि काम यांचा मेळ चांगला बसतो, कारण त्याची ठेंगणी, रुंद देहयष्टी पात्राला स्थिर बैठक देते आणि डोळ्यांचे रक्षण करणारे द्रव्य रक्षक देवाच्या पोटात ठेवणे अर्थपूर्णही आहे. पण हात, कान, मुकुटाची पिसे असे बाहेर आलेले भाग फायन्समध्ये टिकत नाहीत, आणि लहान आकृतीच्या आत पोकळी काढायची म्हणजे ती फारच आखूड राहते. या गटाला मी प्रेमाने पाहतो, तरी वापराच्या कसोटीवर साध्या नळीच्या खाली ठेवतो.

काचेची पात्रे या झिलईदार पात्रांची सख्खी भावंडे आहेत आणि त्यांच्याशी तुलना टाळता येत नाही. तिसऱ्या थुटमोसच्या काळात, इ.स.पू. पंधराव्या शतकात, इजिप्तमध्ये काचेची भांडी दिसू लागली. गाभ्याभोवती वितळलेली काच चढवून, तिच्यावर रंगीत काचेचे धागे गुंडाळून आणि ते टोकदार हत्याराने ओढून लाटांची नक्षी काढली जाई. अमार्ना या अखेनातेन राजाच्या राजधानीच्या जागी १९२१ मध्ये एका घराच्या जमिनीखाली सापडलेला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला काचेचा मासा हा या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. ताडाच्या पानांचा शिरोभाग असलेल्या खांबासारख्या काचेच्या सुरमादाण्याही याच परंपरेतल्या. काचेला छिद्रे नसतात, त्यामुळे तेल मुरण्याचा प्रश्न राहत नाही, आणि या एका मुद्द्यावर काच फायन्सवर निर्विवाद मात करते. पण त्या काळी काच ही राजदरबाराच्या आसपासची, मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचणारी वस्तू होती. फायन्स त्या मानाने पुष्कळ दूरवर पोहोचले: ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१-९२ मध्ये अमार्ना येथे केलेल्या उत्खननात फायन्सच्या दागिन्यांचे आणि लहान वस्तूंचे भाजलेल्या मातीचे हजारो साचे सापडले, यावरून या उद्योगाचा पसारा ध्यानात येतो. याच काळात तांब्याच्या निळ्या-हिरव्या रंगांच्या जोडीला कोबाल्टचा गडद निळा आणि शिसे व अँटिमनी यांचा पिवळा असे रंगही फायन्समध्ये खुलून आले.

ही सर्व साहित्ये एकाच घरात कशी नांदत होती हे पाहायचे असेल तर इटलीतील तुरीनचे इजिप्शियन संग्रहालय गाठावे. देर एल-मेदिना या राजांच्या कबरी घडवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीतील खा आणि त्याची पत्नी मेरित यांची न लुटलेली कबर इटालियन पुरातत्त्वज्ञ एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांच्या मोहिमेला १९०६ मध्ये सापडली, आणि मेरितची प्रसाधनपेटी तिच्यातील सामानासह तिथे मांडलेली आहे. तिच्यात अलाबास्टर, फायन्स आणि काच या तिन्ही प्रकारची पात्रे शेजारी शेजारी आहेत. खा हा राजाच्या बांधकामांवरचा अधिकारी. त्याच्या घरातली ही निवड म्हणजे कोणत्या कामाला कोणते पात्र बरे, याचा एका जाणत्या गृहिणीने दिलेला कौलच आहे, आणि एकच साहित्य सर्व कामांना पुरेसे नसते हे त्यातून उघड दिसते.

टिकाऊपणाविषयी दोन शब्द. कोरड्या कबरीत राहिलेली फायन्सची पात्रे तीन हजारांहून अधिक वर्षांनी भट्टीतून नुकतीच काढल्यासारखी दिसतात, पण ओल्या जमिनीत पडलेल्यांची झिलई कुजते, निळा रंग फिकट हिरवा, तपकिरी किंवा पांढुरका होतो आणि गाभ्यात राहिलेले क्षार हवेतल्या दमटपणाने पुन्हा पृष्ठभागावर येऊन झिलईचे पापुद्रे काढतात. वस्तू घडताना ज्या क्रियेने झिलई जन्माला आली, जवळजवळ त्याच क्रियेने ती पुढे धोक्यात येते, म्हणून संग्रहालयांना या पात्रांभोवतीच्या हवेतील आर्द्रता सतत सांभाळावी लागते.

प्रदर्शनांविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती मी गांभीर्याने मांडतो. ही पात्रे जवळजवळ नेहमी डोळ्यांच्या पातळीवर, समोरून आणि सुंदर बाजू पुढे करून मांडलेली असतात. तोंड वरून दिसत नाही, तळ दिसत नाही, आतली पोकळी किती खोल आहे हे फलकावर लिहिलेले नसते, आणि आत जुन्या सुरम्याचा काळा थर उरला आहे की नाही याचा उल्लेखही अनेकदा नसतो. उंची आणि काळ यांच्या जोडीला पोकळीचा व्यास आणि खोली एवढे दोन आकडे दिले तरी पाहणाऱ्याला ती वस्तू वापराची म्हणून समजू लागेल. तळाखाली लहानसा आरसा ठेवणेही अवघड नाही. या बाबतीत संकेतस्थळांवरील संग्रह काही वेळा प्रत्यक्ष दालनापेक्षा उपयोगी पडतात; मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ पासून आपल्याकडील स्वामित्वहक्कमुक्त वस्तूंची छायाचित्रे सर्वांना विनाशुल्क खुली केली आहेत, आणि ज्या वस्तूंची छायाचित्रे अनेक बाजूंनी घेतलेली आहेत त्या मोठ्या करून पाहिल्या तर झिलईचे ओघळ, टेकूंचे डाग आणि भरलेल्या अक्षरांच्या कडा घरबसल्या न्याहाळता येतात.

ज्यांना असे पात्र स्वतःजवळ असावेसे वाटते त्यांच्यासाठी शेवटी काही सूचना. खऱ्या पुरातन पात्राच्या मागे लागू नये. इजिप्तने १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला आहे, आणि जी वस्तू कुठून कशी बाहेर आली याची कागदपत्रे नाहीत ती विकत घेणे म्हणजे कबरी फोडणाऱ्यांना पैसे पुरवणे होय. प्रतिकृती घ्यायची तर ती कोणत्या साहित्याची आहे हे आधी विचारावे. राळेच्या साच्यातून काढून वर निळा रंग दिलेल्या प्रतिकृती हलक्या असतात, त्यांचा रंग सगळीकडे एकसारखा सपाट असतो आणि पुष्कळदा त्या आतून पोकळही नसतात, म्हणजे ज्या गोष्टीसाठी मूळ पात्र जन्माला आले तीच त्यांत गाळलेली असते. आजही काही कुंभार गारगोटीच्या पुडीचा लगदा करून, क्षार पृष्ठभागावर येऊ देऊन, जुन्या रीतीने अशी पात्रे भाजतात. त्यांच्या कामात कडांना दाट आणि तळाशी विरळ झिलई दिसते, रंगात ठिकठिकाणी फरक असतो, आणि हातात घेतल्यावर गारगोटीचा थंड, घट्ट स्पर्श जाणवतो. घेण्यापूर्वी नळीत एक बारीक काडी घालून पाहावी. ती तळापर्यंत सरळ उतरली आणि बाहेर काढताना तोंडाच्या कडेला अडकली नाही, तर ते पात्र घेण्यासारखे आहे.